घरातील काम आणि घराचा उंबरठा
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून शिष्यवृत्त्या, वसतिगृह, वधूवरसूचन आणि समाजाची आर्थिक उन्नती यांसंबंधी विचार मांडले जातात, आणि ते मांडले जावेत हे योग्यच आहे. चालकांनी विषय निवडण्याची मोकळीक दिली तेव्हा आम्ही मात्र असा विषय घेतला की, जो प्रथमदर्शनी किरकोळ वाटावा. नोकरीचे काम घरी बसून करणाऱ्यांची संख्या आपल्या कुटुंबांत वाढली आहे. त्या कामाने त्यांच्या शरीराचे काय होते आणि त्यांच्या घराच्या खासगीपणाचे काय होते, या दोन प्रश्नांवर आज बोलावे असा आमचा मानस आहे. हे दोन प्रश्न वेगवेगळे भासले तरी त्यांचे मूळ एकच आहे, असे आम्हांस वाटते. आणि ते मूळ दाखवून देणे हाच या भाषणाचा हेतू आहे.

25 मार्च 2020 रोजी करोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी सुरू झाली. कचेऱ्या बंद झाल्या आणि ज्यांचे काम संगणकावर होण्याजोगे होते त्यांनी ते आपापल्या घरी मांडले. ते थोड्या दिवसांचे संकट आहे, अशी तेव्हा सर्वांची समजूत होती. साथ ओसरली, कचेऱ्या उघडल्या. परंतु काम पूर्णपणे कचेरीत परत गेले नाही. कोणी आठवड्यातून दोन दिवस घरी काम करतो, कोणी सर्व दिवस. पुण्या-मुंबईच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत, नाशिक-सोलापूरच्या जुन्या वाड्यांत आणि परदेशी गेलेल्या आपल्या मुलांच्या घरांतही जेवणाच्या मेजावर, पलंगाच्या कडेवर किंवा स्वयंपाकघराच्या ओट्यावर लॅपटॉप उघडलेला दिसतो.

आता आम्ही विचारतो की, घरी बसून काम करणे ही गोष्ट शिंपी समाजास नवी आहे काय? मुळीच नाही. कचेरी हा शब्द आपल्या वाडवडिलांच्या कानांवर पडण्यापूर्वीपासून आपले काम घरातच होत आले. ओटीवर बैठक, भिंतीशी कापडाची गाठोडी, खुंटीवर तयार कपडे आणि हाताशी कात्री, सुई, अंगुस्तान. पुढे शिवणयंत्र आले. सिंगर यांनी आपल्या यंत्राचे पेटंट 1851 साली घेतले आणि कालांतराने ते यंत्र आपल्या ओट्यांवरही येऊन बसले. म्हणजे घर हेच कारखाना, घर हेच दुकान आणि घर हेच राहण्याचे ठिकाण, हा अनुभव आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या घेतला आहे. आज संगणकापुढे बसणाऱ्या आपल्या मुलास जो प्रश्न पडतो, तो त्याच्या पणजोबांनीही आपल्या परीने सोडविला होता.

तो त्यांनी कसा सोडविला होता? जुन्या घरांची रचना पाहा. गिऱ्हाईक ओटीपर्यंत येई. तेथेच माप देई, तेथेच कपडा नेई. माजघराच्या दाराशी एक उंबरठा असे आणि कितीही मोठे गिऱ्हाईक असले तरी ते तो ओलांडून आत येत नसे. आत घरातील बायका, मुले, आजारी माणसे, देव्हारा आणि चूल. बाहेर धंदा, आत संसार. तसाच उंबरठा काळालाही होता. पुष्कळ गावांत कारागीर अमावास्येस काम बंद ठेवीत. खंडेनवमीस यंत्र पुसून, तेल देऊन, हळदकुंकू वाहून त्याची पूजा होई आणि त्या दिवशी सुईसुद्धा हाती धरीत नसत. हत्यारास विश्रांती देण्याच्या निमित्ताने हत्यार चालविणाऱ्या हातांसही विश्रांती मिळे, हे त्या प्रथेतील शहाणपण होते.

परंतु जुने ते सारे सोने, असे म्हणण्यासाठी आम्ही उभे राहिलो नाही. लग्नसराईत आणि दिवाळीच्या तोंडावर कंदिलाच्या उजेडात रात्र रात्र काजे करणारे आपले आजोबा पाठीला पोक आणि डोळ्यांना अधूपण घेऊनच म्हातारे होत. वैद्यकशास्त्राने तर आपल्या धंद्याची नोंद फार पूर्वी करून ठेवली आहे. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी 1700 साली कारागिरांच्या रोगांविषयी एक ग्रंथ लिहिला. रोगी पुढे आला की, ‘तुझा धंदा कोणता?’ हा प्रश्न वैद्याने अवश्य विचारावा, अशी शिकवण त्यांनी दिली. बैठ्या कामाच्या लोकांत त्यांनी शिंप्यांची गणना केली. मांडी घालून वाकून बसल्याने त्यांच्या पायांना येणारी बधिरता आणि पाठीचा बाक यांचे वर्णन केले आणि अशा लोकांनी निदान सुटीच्या दिवशी तरी व्यायाम करावा, असा सल्ला दिला. तीनशे वर्षांहून अधिक काळ लोटला तरी तो सल्ला जुना झालेला नाही.

आणखी एक गंमत सांगतो. माणसाच्या शरीरातील सर्वांत लांब स्नायू कमरेच्या बाहेरील बाजूपासून मांडीवरून तिरपा उतरून गुडघ्याच्या आतील बाजूस जातो. त्याचे शास्त्रीय नाव आहे ‘सार्टोरियस’, आणि ‘सार्टर’ म्हणजे लॅटिन भाषेत शिंपी! मांडी घालून बसताना तो कामी येतो म्हणून त्यास आपल्या धंद्याचे नाव मिळाले. पायाच्या करंगळीच्या बुडाशी येणाऱ्या टेंगळासही इंग्रजी वैद्यकात शिंप्याचेच नाव आहे, कारण मांडी घातली की पायाची ती कड जमिनीवर घासते. शरीरशास्त्राच्या पुस्तकात आपला समाज असा दोन ठिकाणी उल्लेखिला गेला आहे: एकदा आसनामुळे आणि एकदा त्या आसनाच्या दुखण्यामुळे.

आता आजच्या बैठकीकडे वळू. कचेरीस जाणाऱ्या माणसाचे हाल आम्ही जाणतो. डोंबिवलीहून किंवा विरारहून गर्दीच्या गाडीला लोंबकळत मुंबई गाठणे हे सुख नव्हे. तथापि त्या प्रवासात तो स्टेशनापर्यंत चालत असे, पूल चढत उतरत असे, कचेरीत या मेजावरून त्या मेजाकडे जात असे. घरी काम आले आणि ही सारी हालचाल नकळत गळून पडली. पलंगापासून मेजापर्यंत दहा पावले, मेजापासून ताटापर्यंत पाच. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास करून डॉक्टर जेरी मॉरिस व त्यांचे सहकारी यांनी 1953 साली दाखविले की, दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांपेक्षा एका जागी बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांत हृदयविकाराचे प्रमाण अधिक होते. गाडी तीच, रस्ता तोच. फरक मुख्यतः हालचालीचा.

आणि बसण्याचे तासही वाढले. घरीच तर आहे, एवढे संपवून टाकू, असे म्हणता म्हणता रात्रीचे अकरा वाजतात. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय मजूर संघटना यांनी 2021 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे अनुमान निघाले की, आठवड्यास 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत 55 किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी आणि हृदयाच्या रक्तपुरवठ्याच्या विकाराने मृत्यू येण्याचा धोका 17 टक्क्यांनी अधिक असतो. ‘शिर सलामत तर पगडी पचास’ ही म्हण आपल्यासारख्या पगड्या-टोप्या शिवणाऱ्यांनी तरी विसरू नये.

मग करावे काय? येथे आपल्या धंद्याचेच ज्ञान उपयोगी पडते. एकाच्या मापाचा अंगरखा दुसऱ्यास बसत नाही, हे शिंप्यास सांगावे लागत नाही. मग सर्व घराने एकाच उंचीच्या खुर्चीवर आणि एकाच मेजावर काम का करावे? बसण्याचेही माप घ्यावे. खुर्ची अशी असावी की दोन्ही पावले जमिनीवर पूर्ण टेकतील. टेकत नसतील तर खाली पाट ठेवावा. कोपर साधारण काटकोनात राहील इतकी मेजाची उंची असावी आणि कमरेस मागून आधार असावा. नसेल तर उशी किंवा गुंडाळलेली चादर चालते. पडदा हातभर अंतरावर असावा आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी. लॅपटॉपची एक मूळचीच अडचण अशी की, त्याचा पडदा आणि कळफलक एकमेकांस जोडलेले असतात. हात नीट ठेवले तर मान वाकते, मान सरळ ठेवली तर हात उचलावे लागतात. म्हणून रोज काही तास काम असेल त्याने लॅपटॉप एखाद्या खोक्यावर किंवा पाटांवर उंच ठेवून वेगळा कळफलक आणि माउस वापरावा. खर्च फार नाही. मानेच्या दुखण्यावरील औषधोपचारापेक्षा तर निश्चितच कमी.

खिडकी बाजूस असावी. समोर असली तर डोळे दिपतात, पाठीमागे असली तर तिचा उजेड पडद्यावर चमकतो. पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्या कमी लवतात व डोळे कोरडे पडतात. म्हणून दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरील वस्तूकडे वीस सेकंद पाहावे, असे नेत्रवैद्य सांगतात. सुईत दोरा ओवून झाला की आपली आजी डोळे उचलून अंगणाकडे पाही, तेच हे. जमिनीवर मांडी घालून बसणे हे स्वतः वाईट नाही. कोणतेही आसन तासन्‌तास न मोडणे हे वाईट. अर्ध्या तासाने उठावे, पाणी प्यावे, फोनवरचे बोलणे चालत चालत करावे. आठवड्यातून निदान 150 मिनिटे दम लागेल अशा गतीने चालणे किंवा तत्सम व्यायाम प्रौढांनी करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेचे 2020 चे मार्गदर्शन आहे. दिवसाचा हिशेब केला तर तो अर्ध्या तासाहूनही कमी भरतो. रात्री हाताच्या बोटांना मुंग्या येऊन जाग येऊ लागली, कळ कमरेतून पायात उतरू लागली, किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, तर घरगुती लेपांवर न थांबता डॉक्टरांकडे जावे. शेवटच्या लक्षणात तर एक दिवसही दवडू नये.

येथपर्यंत आम्ही संगणकावर काम करणाऱ्यांविषयी बोललो. परंतु आपल्या समाजातील कितीतरी भगिनी आजही घरी ब्लाउज शिवतात, फॉल-पिको करतात, तयार कपड्यांच्या कारखान्यांची नगावरची कामे घेतात. त्यांचेही काम घरकामच आहे. पायमशीनला मोटर बसली. त्यामुळे पायांचे श्रम वाचले, परंतु पायांची हालचालही गेली. डोळे, मान आणि खांदे मात्र पूर्वीइतकेच ताणले जातात. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने 1996 साली घरी काम करणाऱ्यांसाठी करार क्रमांक 177 संमत केला. घरी काम करणाऱ्यासही इतर कामगारांप्रमाणेच वागणूक मिळावी, त्याच्या आरोग्याचीही काळजी घेतली जावी, हे त्याचे सार आहे. घरी बसून शिवणारी आई आणि घरी बसून संगणक चालविणारा मुलगा हे एकाच न्यायाचे मागणारे आहेत, हे आपण ध्यानात ठेवावे. मुलासाठी नवी खुर्ची आणणाऱ्या घराने आईच्या मशीनपुढील मोडक्या स्टुलाकडेही एकवार पाहावे.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे खासगीपणाकडे, येऊ. याही बाबतीत आपल्या धंद्याने आपणांस एक मोठी शिकवण दिली आहे. शिंप्याजवळ मापांची वही असते. गावातील कोणाचे पोट सुटले, कोण आजाराने खंगले, कोणाच्या घरी बारशाची तयारी आहे, हे त्या वहीस सर्वांच्या आधी कळते. परंतु माप वहीत राहते, तोंडात येत नाही. ज्या शिंप्याने एका घरची गोष्ट दुसऱ्या घरी सांगितली त्याच्या ओट्यावर पुन्हा कोणी चढत नाही. विश्वासाने मिळालेली माहिती ज्या कामासाठी मिळाली त्याच कामासाठी वापरावी, हा नियम आपण कोणत्याही कायद्यावाचून पाळत आलो.

आज त्या नियमाच्या तीन बाजू झाल्या आहेत. पहिली बाजू मालकाची. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यातून कचेरी थेट माजघरात पाहू लागली. बैठक सुरू असते आणि मागून आजोबा पंचा गुंडाळून जातात, सून कपडे वाळत घालते, मूल रडते. काही कंपन्या तर कर्मचाऱ्याच्या पडद्याची छायाचित्रे ठराविक वेळाने घेणारी, कळा किती दाबल्या हे मोजणारी साधने बसवितात. मालक पगार देतो, मग त्याने का पाहू नये, असा प्रश्न कोणी करील. आमचे उत्तर साधे आहे: गिऱ्हाइकाने शिवण तपासावी, वेळेवर कपडा मागावा, दोष असल्यास परत करावा, शिंप्याची चूल तपासण्याचा अधिकार त्यास नाही.

हे केवळ आमचे मत नाही. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने, न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या प्रकरणात, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा एकमुखी निर्णय दिला, आणि कौटुंबिक जीवनाचे पावित्र्य व घर ही त्या हक्काच्या गाभ्यात येतात असे म्हटले. नेदरलँड्समध्ये घरून काम करणाऱ्या एका कर्मचाऱ्यास अमेरिकेतील कंपनीने दिवसभर कॅमेरा चालू ठेवण्यास सांगितले. त्याने नकार दिला म्हणून कामावरून काढले. तेथील न्यायालयाने 2022 साली ती बडतर्फी बेकायदेशीर ठरविली आणि त्यास भरपाई देवविली. आपल्या देशात व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 साली संमत झाला आहे. परंतु नोकरीच्या काही कारणांसाठी संमतीवाचून माहिती वापरण्याची मुभा त्याच कायद्याने मालकास ठेवली आहे; म्हणून कायदा झाला एवढ्यावरच निर्धास्त राहता येत नाही. आपल्या मुलांनी नोकरी स्वीकारतानाच नम्रपणे परंतु लेखी विचारावे: आपण कोणती माहिती गोळा करता, ती कोण पाहतो, किती दिवस ठेवता, आणि कामाची वेळ संपल्यावर ते साधन बंद होते काय? कंपनीने दिलेल्या यंत्रावर घरच्या बँकेचे व्यवहार, वैद्यकीय अहवाल, कुटुंबाची छायाचित्रे ठेवू नयेत. कॅमेरा भिंतीकडे तोंड करून बसावे, म्हणजे मागे भिंतच दिसेल. आणि काम संपले की कॅमेऱ्यावर झाकण घालावे.

दुसरी बाजू घरच्या माणसांची. ही बोलण्यास थोडी कठीण आहे, परंतु घरच्या सभेत नाही बोलावयाचे तर कोठे? खासगीपणा केवळ परक्यांपासूनच हवा असतो असे नाही. ‘तू घरीच तर आहेस’ हे वाक्य आपल्या घरांत किती सहज उच्चारले जाते! घरीच आहेस, तर गॅसवाल्यास दार उघड; घरीच आहेस, तर धाकट्याचा अभ्यास घे; घरीच आहेस, तर पाहुण्यांसाठी चहा टाक. मुलगा असेल तर त्याच्या खोलीचे दार लोटले जाते आणि मुलांना गप्प बसविले जाते. सून असेल तर तिने त्याच बैठकीत एका कानाने साहेबांचे ऐकावे आणि दुसऱ्या कानाने कुकरच्या शिट्ट्या मोजाव्या, अशी अपेक्षा असते. मेज मुलाला आणि ओटा सुनेला, अशी विभागणी आम्ही एकाहून अधिक घरांत पाहिली आहे. दोघांचा पगार मात्र त्याच घरात येतो.

वधूवरांच्या बैठकीतही हल्ली ‘मुलगी घरूनच नोकरी करते’ हे गुण म्हणून सांगितले जाते. त्याचा अर्थ ‘नोकरीही करील आणि घरचे सर्वही करील’ असा घेतला जात असेल, तर तो गुण नसून दुप्पट ओझे आहे. मुलीच्या वडिलांनी पत्रिकेबरोबर एवढेही विचारावे की, आमच्या मुलीच्या मेजास तुमच्या घरात जागा कोठे आहे? या प्रश्नास राग येण्याचे कारण नाही. जेथे मशीनला ओटीवर जागा होती तेथे संगणकास का असू नये?

भगिनींसाठी आणखी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. कामाच्या ठिकाणी स्त्रियांचा लैंगिक छळ होऊ नये म्हणून 2013 साली जो कायदा झाला, त्यातील ‘कामाच्या ठिकाणा’च्या व्याख्येत राहत्या घराचाही समावेश आहे. पडद्यावरील बैठकीत वरिष्ठाने केलेले अनुचित बोलणे, रात्री-अपरात्री पाठविलेले संदेश ही ‘घरातली गोष्ट’ म्हणून गिळून टाकण्याचे कारण नाही. तक्रार करणाऱ्या मुलीच्या पाठीशी घराने उभे राहिले पाहिजे. ‘नोकरी सोडून दे’ हा सल्ला तिच्या अपराधाची नव्हे तर दुसऱ्याच्या अपराधाची शिक्षा तिला देतो.

तिसरी बाजू परक्यांच्या विश्वासाची. आपला मुलगा बँकेचे काम करीत असेल, मुलगी रुग्णालयाची कागदपत्रे पाहत असेल, तर कोणाचे कर्ज, कोणाचा आजार ही माहिती आपल्या घरातील मेजावर येते. तो पडदा मुलांच्या खेळासाठी उघडा ठेवणे, चाळीच्या गॅलरीत उभे राहून ग्राहकाचे नाव मोठ्याने उच्चारणे, संकेतशब्द भिंतीवर चिकटविणे हे मापांची वही चव्हाट्यावर मांडण्यासारखे आहे. आपला खासगीपणा मागणाऱ्याने दुसऱ्याचा जपला पाहिजे. घरच्यांनीही पडद्यात डोकावू नये आणि ऐकलेले बाहेर बोलू नये.

बंधुभगिनींनो, आता आम्ही आरंभी सांगितलेल्या मुळाकडे येतो. पाठ का दुखते? कामास स्वतंत्र जागा नाही आणि काम संपण्याची वेळ नाही म्हणून. घराचा खासगीपणा का जातो? त्याच दोन कारणांनी. काम घरात आले, परंतु त्याच्यासाठी उंबरठा घातला गेला नाही. जुन्या घरात तो लाकडाचा होता. आजच्या दोन खोल्यांत तो लाकडाचा घालता येणार नाही, हे आम्ही जाणतो. तो नियमाचा घालावा लागेल. एक कोपरा, तो कितीही लहान असो, कामाचा. तेथे काम करणाऱ्याशी विनाकारण बोलू नये. एक घटिका काम संपण्याची. ती वाजली की लॅपटॉप मिटून कपाटात ठेवावा, उशाशी नव्हे. फ्रान्समध्ये 1 जानेवारी 2017 पासून कामाच्या वेळेनंतर संदेशांपासून अलिप्त राहण्याच्या हक्कास कायद्याने मान्यता आहे; पोर्तुगालने 2021 साली वेळेबाहेर कर्मचाऱ्यास त्रास देण्यास मालकांना मनाई केली. आपल्याकडे तसे होईल तेव्हा होवो. मिटलेला लॅपटॉप जेवताना न उघडण्यासाठी कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

घरून काम करणे हे संकटच आहे, असे मात्र कोणी समजू नये. प्रवासाचे दोन-तीन तास वाचतात. वृद्ध आईवडिलांची देखभाल होते. बाळंतपणानंतर घरी बसलेली कितीतरी शिकलेली मुलगी पुन्हा कामास लागते. गावी राहून शहराचा पगार मिळविता येतो. हे लाभ मोठे आहेत, आणि ते टिकावेत म्हणूनच आम्ही एवढे सांगितले.

शेवटी संस्थेस आमच्या तीन सूचना आहेत. पहिली अशी की, आपल्या कार्यालयाची वास्तू लग्नाच्या तिथी नसतील तेव्हा रिकामी असते. तिच्यातील एक खोली चार-सहा मेजे, योग्य उंचीच्या खुर्च्या, चांगला उजेड आणि इंटरनेटची सोय करून ज्यांच्या घरी जागा नाही अशा ज्ञातीतील मुलामुलींना अल्प शुल्कात द्यावी. पूर्वी संस्थांनी अभ्यासिका उघडल्या आणि एका खोलीच्या बिऱ्हाडातील मुले शिकून मोठी झाली. ही कामाची अभ्यासिका समजावी. दुसरी अशी की, वार्षिक आरोग्यतपासणीत रक्तदाब आणि साखरेबरोबर डोळे, मान, पाठ व हात यांची तपासणी व्हावी, आणि तिचे आमंत्रण घरी शिवण करणाऱ्या भगिनींना आवर्जून जावे. तिसरी अशी की, समाजातील वकील मंडळींनी महिन्यातून एक संध्याकाळ देऊन नोकरीच्या करारातील अशा अटी तरुणांना वाचून समजावून द्याव्या.

या सूचना स्वीकारणे न स्वीकारणे चालकांच्या हाती आहे. परंतु प्रत्येक कुटुंबाच्या हाती असलेली एक गोष्ट आजच करता येण्याजोगी आहे. घरी गेल्यावर आपल्या घरात कोण कोठे बसून काम करतो, किती वेळ करतो आणि त्याच्या पाठीमागे काय दिसते, हे एकदा शांतपणे पाहावे. आपण मापे घेणारी माणसे आहोत. परक्यांसाठी आयुष्यभर बिनचूक मापे घेतली. आता आपल्या माणसांसाठी घ्यावी.